20 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम आणि घरची करवत

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणजे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून साधारण तेवढाच वर. फोर्कवर, म्हणजे काट्यासारख्या दोन हातांच्या आधारावर, बसवलेली दुर्बीण आकाशाबरोबर फिरवायची तर तिचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि त्यासाठी तिवई व दुर्बीण यांच्यामध्ये एक कलती बैठक लागते. आम्ही हौशी निरीक्षक तिला वेज म्हणतो. पन्नास अंशांवरच्या युरोपात वेजचं काम बरंच सोपं असतं, कारण वजन बऱ्यापैकी तिवईच्या माथ्यावर राहतं. आपल्याकडे वेजचा वरचा पाट जमिनीशी साडेएकाहत्तर अंशांचा कोन करतो, जवळजवळ उभाच. फोर्कसकट पंधरा किलोच्या आसपासची दुर्बीण त्या उभ्या पाटावरून उत्तरेकडे बाहेर लटकते. पाट जरा जरी लवला तर फोकसच्या चाकाला बोट लावताच गुरू डोलायला लागतो आणि तो थांबेपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

म्हणून वेज घरीच करायचा ठरवला, आणि भरभक्कम करायचा ठरवला. पोलाद की अ‍ॅल्युमिनियम, हा हिशेब आधी कागदावर केला. अ‍ॅल्युमिनियमचा यंग गुणांक, म्हणजे धातू वाकायला किती विरोध करते त्याचं माप, 69 गिगापास्कल, पोलादाचा 200. जाडी सारखी ठेवली तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जवळजवळ तिप्पट वाकणार. पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे 14 मिमी पोलादाचा ताठपणा 20 मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये मिळून जातो आणि वजन निम्मं भरतं. 300 बाय 250 मिमीचा तळपाट अ‍ॅल्युमिनियमचा चार किलो, तेवढ्याच ताठपणाचा पोलादी आठ किलोच्या वर. दुर्बीण, तिवई, बॅटरी असं सगळं गाडीत घालून अंधाऱ्या आकाशाच्या शोधात भोरच्या पुढे जाणाऱ्याला या चार किलोंची किंमत कळते.

आराखडा साधा होता. खाली तळपाट, पुढे जवळजवळ उभा वरचा पाट, हे दोन्ही 20 मिमीचे. दोन्ही बाजूंना 16 मिमीचे गाल. वरचा पाट खालच्या कडेला बिजागरीसारख्या बोल्टवर फिरतो आणि वर गालांतल्या वक्र खाचांमध्ये घट्ट करता येतो. खाच साडेसात अंशांची ठेवली, 15 पासून साडेबावीसपर्यंत. त्यात पणजीपासून नागपूरपर्यंत सगळं बसतं.

आता माल. भोसरी आणि चिंचवडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे विक्रेते आहेत, त्यांच्याकडे मोठ्या प्लेटमधून उरलेले तुकडे किलोवर मिळतात. मला हवा होता तो 6082 या ग्रेडचा मिश्रधातू. तिथे 6082 म्हटलं तर काही जण थबकतात, ‘एचई-30’ म्हटलं की लगेच कळतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीची ही नावं आपल्या बाजारात अजून चालतात: एचई-30 म्हणजे 6082, एचई-20 म्हणजे 6061, एचई-9 म्हणजे खिडक्यांच्या पट्ट्यांचं 6063. ग्रेडइतकंच महत्त्वाचं त्याच्या पुढचं टेंपर, म्हणजे माल किती कडक केलाय त्याची खूण. टी-6 म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला माल. टी-651 असेल तर आणखी चांगलं, कारण तशी प्लेट दीड ते तीन टक्के ताणून तिच्यातला अंतर्गत ताण काढलेला असतो. ताण शिल्लक असलेली जाड प्लेट कापताना चीर मागे मिटते आणि पातं चिमटीत धरते. घरच्या कामात हा धोका खरा असतो, कारण आपण करवत धरून उभे असतो.

शुद्ध, मऊ अ‍ॅल्युमिनियम आणि टी-6 दिसायला अगदी सारखे. मी तुकड्याच्या कोपऱ्यावर खिशातली छोटी कानस फिरवून बघतो. कडक मालाचा कीस मोकळा, कोरडा पडतो. मऊ माल कानशीला चिकटतो आणि कडेला वळलेली कोर उठते. मऊ माल स्वस्त दिला तरी घेऊ नये. कापायला तोच सगळ्यात त्रासदायक.

विक्रेत्याने विचारलं, “साहेब, बँडसॉवर कापून देऊ का?” त्याचं विचारणं रास्त होतं. ज्याला फक्त सरळ चौकोनी तुकडे हवेत त्याने तसंच करावं, कट सरळ येतो आणि पैसेही फार पडत नाहीत. 40-50 मिमी जाडीचा माल असता तर मीही तिथेच कापून घेतला असता. पण माझे गाल तिरके होते, मापं लाकडी नमुन्यावरून अजून सरकत होती, आणि मला ही धातू स्वतः कापता यायला हवी होती. दुर्बिणीच्या कामात एक भाग झाला की पुढचा सुचतो. दर वेळी दुसऱ्याच्या यंत्राची पाळी येईपर्यंत थांबणं मला मानवत नाही.

घरी काय काय होतं? हातातला ग्राइंडर, मार्बल कटर, जिगसॉ, हॅकसॉ आणि सात इंची सर्क्युलर सॉ. यातली पहिली दोन मी लगेच बाजूला ठेवली, आणि का, ते नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरोघरी हीच दोन यंत्रं असतात.

ग्राइंडरची लोखंड कापायची चकती अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही. लोखंड घासताना चकतीचे कण झिजून नवे उघडे पडतात. अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं आणि त्याआधीच लिबलिबीत होतं. ते चकतीच्या छिद्रांत भरतं, चकती गुळगुळीत होते, मग ती कापत नाही, नुसती तापते. तापलेली, भरलेली चकती फुटू शकते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाच्या ठिणग्या एका जागी येणं आगीला आमंत्रण आहे. याच कारणासाठी टेबलावरच्या दगडी ग्राइंडरवरही अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घासू नये. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. त्याला दातेरी पातं लावून लाकूड कापणारे पाहिले आहेत, पण ते यंत्र दगड घासण्यासाठी बनवलेलं आहे, दात अडकल्यावर बसणारा झटका झेलण्यासाठी नाही. ग्राइंडरला दातेरी पातं लावणं तर त्याहून वाईट. हात जातो, आणि हे मी घाबरवण्यासाठी म्हणत नाही.

जिगसॉ उरलेल्या तुकड्यावर चालवून पाहिला. अ‍ॅल्युमिनियमसाठीचं 3 मिमी अंतराच्या दातांचं पातं, वेग कमी, रेषेवर मेण. कापतो, नक्की कापतो, पण 16 मिमीच्या जाडीत पातं खालच्या बाजूला वाकतं. वरून रेषेवर चाललेला कट खाली दीड-दोन मिमी सरकलेला निघतो. गोलाई आणि कोपरे काढायला जिगसॉ ठीक, तेही कानशीसाठी 2 मिमी माल सोडून.

हॅकसॉने मला मूळ गोष्ट समजली. बाजारात सहज मिळतं ते इंचाला 18 दातांचं पातं 20 मिमी जाडीत घातलं की एका वेळी 14 दात धातूत असतात. प्रत्येक दाताने काढलेला कीस पुढच्या टोकाला बाहेर पडेपर्यंत त्या दाताच्या पुढच्या खाचेतच राहतो. खाच भरली की दात कापायचा थांबतो, वरून घासत राहतो. इंचाला 14 दातांचं पातं लावल्यावर फरक लगेच हाताला जाणवला. माझ्या ओळखीचे एक टर्नर काका आहेत, आयुष्य लेथवर गेलेलं. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “अरे, दात मोजू नकोस. दोन दातांमधली जागा बघ. अ‍ॅल्युमिनियम कापायला जोर लागतच नाही, कीस बाहेर पडायला वाट लागते.”

जाड अ‍ॅल्युमिनियमचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं. ही धातू पोलादापुढे मऊ आहे, कार्बाइडच्या दाताला तर काहीच नाही. अडचण कापण्यात येत नाही, कापलेला माल निघून जाण्यात येते. कीस अडकला की घर्षण, घर्षणाने उष्णता, उष्णतेने कीस दाताच्या टोकाला चिकटून बसतो, किसणीच्या भोकांत गूळ बसावा तसा. मग दाताची धार झाकली जाते आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी पुढची सगळी खटपट.

सर्क्युलर सॉसाठी पातं घ्यायला बोहरी आळीत गेलो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं मागितलं की दुकानदार सवयीने जास्त दातांचं काढतो, कारण त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक स्लायडिंग खिडक्या बनवणारं. दीड मिमी जाडीच्या पट्टीला बारीक दातच हवेत. माझ्या प्लेटला ते उलट पडलं असतं. मला 185 मिमी व्यासाचं, 40 दातांचं कार्बाइड पातं हवं होतं. दातांची धार अशी की एक दात कोपरे छाटलेला आणि किंचित उंच, पुढचा सपाट. पहिला मधून खाच पाडतो, दुसरा कडा साफ करतो, म्हणजे कीस तुकड्यांत विभागला जातो. आणि दात किंचित मागे झुकलेले. लाकडाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते धातूत घुसतात आणि करवत हातातून खेचतात. मागे झुकलेला दात शांतपणे खरवडत पुढे जातो. पाकिटावर व्यास, भोक आणि कमाल फेरे तपासून घ्यावेत. पात्याचे कमाल फेरे करवतीच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत.

वंगणाबद्दल. अ‍ॅल्युमिनियमसाठी कारखान्यातला जुना उपाय म्हणजे रॉकेल, आणि ते खरंच उत्तम काम करतं. हॅकसॉ, ड्रिल आणि आटे पाडायच्या टॅपसाठी मी तेच वापरतो, जपून ठेवलेल्या बाटलीतलं. पण कार्बन ब्रशची मोटर असलेल्या सर्क्युलर सॉजवळ रॉकेल नाही. ब्रशपाशी ठिणग्या असतात आणि पातं रॉकेलचा फवारा उडवतं. तिथे मेण. साधी पांढरी मेणबत्ती घेऊन, प्लग काढून, पात्याच्या दातांवर आणि प्लेटवरच्या रेषेवर घासायची. दर पासला, म्हणजे करवत रेषेवरून दर वेळी चालवण्याआधी, पुन्हा.

आखणीसाठी प्लेटवर निळा मार्कर फासून त्यावर स्क्रायबरने रेघ ओढली. कडेपाशी गुण्या लावून काटकोन तपासला, कारण विक्रेत्याच्या कापलेल्या कडेवर भरवसा ठेवायचा नसतो. जमिनीवर 18 मिमी प्लायवूड, त्यावर प्लेट, म्हणजे कटाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण आधार आणि शेवटी सुटणारा तुकडाही जागेवरच. दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प. करवतीच्या तळाच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर मोजून तेवढ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा आयताकृती पाइप मार्गदर्शक म्हणून आवळला. हाताने रेषेवर चालवणं लाकडात जमतं. इथे पातं जरा तिरकं झालं की चिरेत घासतं, म्हणून सरळ आधाराशिवाय करवत लावू नये.

चेहऱ्यावर पूर्ण ढाल, आत चष्मा, कानांवर मफ, पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, गळ्याशी बटण लावलेला. कीस गरम असतो आणि नेमका कॉलरमधून आत जातो. हातमोजे मात्र नाहीत. फिरत्या पात्याजवळ मोज्याचा धागा अडकला तर हात मागे येत नाही. आमचं पार्किंग बंदिस्त आहे, तिथे या करवतीचा आवाज कानठळ्या बसवतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून, दुपारी जेवणाच्या वेळेआधी काम उरकायचं ठरवलं.

20 मिमी एका दमात कापता येतं का? येतं, तसे कापणारेही आहेत. मी खोली पायरीपायरीने वाढवतो: 5, 10, 15 आणि शेवटी 21, म्हणजे पातं प्लायमध्ये 1 मिमी उतरतं. 185 च्या पात्याने 20 मिमी एकदम घेतलं तर दात साधारण 62 मिमी लांब कमानीतून धातूत प्रवास करतो आणि चार दात एकाच वेळी आत असतात. 5 मिमी घेतलं तर कमान 30 मिमीची आणि आत दोनच दात. कीस अर्ध्या वाटेत बाहेर. मोटरवर ताण कमी, झटक्याची शक्यता कमी. वेळ जास्त लागतो, पण घरच्या कामात वेळ आपलाच असतो.

यंत्र पूर्ण वेगात आलं की मगच धातूला लावायचं. पहिला स्पर्श कर्कश वाटतो. मग करवत चालू लागते आणि जाड, चकचकीत, वळलेले तुकडे उडायला लागतात. हेच बघायचं असतं. पिठासारखी भुकटी पडत असेल तर आपण फार हळू ढकलतोय, दात कापत नाही, घासतोय. भीतीने हळू चालवणं हेच पात्याला जास्त तापवतं. उलट करवतीचा आवाज जड होऊन खाली उतरला तर जोर जास्त होतोय. या दोन्हींच्या मधला एक एकसारखा सूर आहे, तो पहिल्या पासमध्येच सापडतो. पास संपला की बटण सोडायचं, पातं पूर्ण थांबेपर्यंत करवत उचलायची नाही, प्लग काढायचा, चिरेतला कीस रंगाच्या ब्रशने झाडायचा, दात तपासायचे. एखाद्या दातावर रुपेरी थर दिसला तर बांबूच्या काडीने काढायचा आणि पुन्हा मेण. प्रत्येक पासनंतर मी प्लेटवर तळहात ठेवून बघत होतो. कोमट, त्यापलीकडे काही नाही. बहुतेक उष्णता किसाबरोबर निघून जाते, हे तिथे हाताला कळतं.

शेवटच्या पासला मन थोडं धडधडतं, कारण आता चीर आरपार होते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. आधार नीट असेल तर काहीच घडत नाही, तुकडा जागेवर पडून राहतो. कडेला वर्नियर लावला. 300 मिमी लांबीत फरक एक दशांश मिमीच्या आसपास, आणि कडेवर पात्याच्या बारीक रेषा. यावर कानशीचे मोजके हात मारले की काम झालं. इतकी स्वच्छ कड लाकूड कापायच्या यंत्रातून निघते याचा मला मनापासून आनंद झाला.

गालांचे तिरके कट तसेच, फक्त मार्गदर्शक तिरका लावून. आतल्या कोनात दोन कट मिळतात तिथे गोल पातं वर जास्त आणि खाली कमी कापतं. म्हणून कोनाच्या टोकाला आधी 8 मिमीचं भोक पाडलं, करवत अलीकडे थांबवली आणि उरलेलं हॅकसॉने पुरं केलं. भोकामुळे कोपऱ्यात ताणही साठत नाही.

वक्र खाच लहान होती. बिजागरीपासून 150 मिमी त्रिज्येवर साडेसात अंश म्हणजे कमान 20 मिमीची. त्यासाठी रेषेवर पंच मारून 8 मिमीची भोकं ओळीने पाडली, मधले पडदे बारीक कानशीने काढले. कानस भरू नये म्हणून दातांत पांढरा खडू घासायचा, शाळेतलाच. अडकलेला कीस तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने ओढला की सुटतो.

वरच्या पाटाला मधोमध 50 मिमीचं भोक हवं होतं, केबल जाण्यासाठी. होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची डबीसारखी गोल करवत, 20 मिमी जाडीत घातला की त्याच्या चिंचोळ्या गोल खाचेतून कीस वर यायला जागा नसते. यावर एक सुंदर उपाय आहे. आधी होलसॉ मिमीभर फिरवून वर्तुळ उमटवायचं, मग त्या वर्तुळाला स्पर्श करणारी, टाकाऊ गोलाच्या बाजूची दोन-तीन 6 मिमीची भोकं आरपार पाडायची. पुढे होलसॉ चालवला की कीस त्या भोकांतून खाली गळतो. वेग अगदी कमी, रॉकेलचे थेंब, आणि दर काही क्षणांनी वर उचलणं. ही युक्ती माहीत नसती तर मी ते भोक बाहेरून करून घेतलं असतं.

आटे पाडायला एम-8, म्हणजे 8 मिमीच्या बोल्टसाठी, 6.8 मिमी ड्रिल. बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत आटे असले की अ‍ॅल्युमिनियमचे आटे चांगला भार घेतात. एम-8 ला ते 12 ते 16 मिमी होतात, म्हणजे गालाच्या जाडीत पुरेसे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. स्टेनलेस बोल्ट लावायचे तर आट्यांना अँटी-सीझ ग्रीस हवंच. नाही तर दमट हवेत या दोन धातूंचा संपर्क अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि बोल्ट कायमचा बसतो. दुर्बीण कोकणात नेणाऱ्यांनी तर हे विसरू नये.

जोडणी झाल्यावर वेज टेबलाला आवळला, डिजिटल कोनमापकाने वरचा पाट साडेएकाहत्तर अंशांवर आणला आणि पाटाला बाहेरच्या बाजूने डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, लावलं. दुर्बीण जिथे लटकणार तेवढ्या अंतरावर लोखंडी दांडा बांधून त्यावर वजनं अडकवली. काटा मिमीचे काही शतांश सरकला. वजनं काढल्यावर शून्यावर परत आला, पुन्हा अडकवल्यावर त्याच खुणेवर गेला. आधीच्या पातळ पत्र्याच्या बैठकीवर याच चाचणीत काटा शून्यावर परत यायचाच नाही. आता कडांची धार मोडून घ्यायची राहिलीय, आणि अ‍ॅनोडायझिंगला, म्हणजे पृष्ठभागावर संरक्षक थर चढवायला, देण्याआधी सगळे भाग सोडून साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण मेणाचा अंश राहिला तर तिथे थर बसत नाही.